लेबनॉनची निवडणूक : अग्रलेखातला विजय आणि मतपेटीतला 'हासिल'

भूमध्य

लेबनॉनमध्ये १५ मे २०२२ रोजी संसदेची निवडणूक झाली. पुढच्या दोन दिवसांत निकाल लागले आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी एकच गोष्ट ठळक छापली : हिजबुल्ला आणि तिच्या मित्रपक्षांनी बहुमत गमावले. आकडा बरोबर होता. १२८ जागांच्या संसदेत साध्या बहुमताला ६५ लागतात. २०१८ मध्ये या आघाडीकडे सत्तरच्या आसपास जागा होत्या, त्या आता ६५ च्या खाली आल्या.

त्यावरची मतपानेही त्याच सुरात लिहिली गेली. कौल बदलला, आता सत्ताही बदलेल, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मग ३१ मे रोजी नवी संसद भरली आणि १९९२ पासून सभापती असलेले नबीह बेरी सातव्यांदा सभापती झाले. बेरी म्हणजे अमल चळवळीचे प्रमुख. अमल आणि हिजबुल्ला या दोन्ही शिया संघटना, एकमेकींच्या जोडीदार. त्यांना मते पडली नेमकी ६५. उपसभापतीपदही त्याच बाजूला गेले.

लेबनॉनवरचा स्तंभ वाचताना लेखकाचा कल नंतर पाहावा, आधी तो कोणत्या आकड्याबद्दल बोलतो आहे ते पाहावे, असे माझे ठाम मत आहे. कारण तिथे बहुमताचे एकापेक्षा जास्त अर्थ आहेत :

६५ : साधा कायदा आणि सभापतीची निवड यांना इतकी मते हाती असली की पुरे.

८६ : दोन तृतीयांश. राष्ट्राध्यक्ष निवडायला पहिल्या फेरीत इतकी मते लागतात. पुढच्या फेऱ्यांत ६५ पुरतात, पण गणपूर्ती प्रत्येक फेरीला ८६ चीच धरली जाते.

४३ : इतके खासदार उठून बाहेर गेले की ८६ ची गणपूर्ती मोडते. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त हाती असले की राष्ट्राध्यक्षाची निवड अडवता येते.

२७ : शिया जागा. २०२२ मध्ये या सत्तावीसही जागा अमल-हिजबुल्लाच्या बाजूलाच गेल्या. प्रथेनुसार सभापती शिया असतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूकडे बहुमत असते तरी त्या पदावर बसवायला त्यांच्याकडे माणूस नव्हता. मथळ्यांच्या गर्दीत सर्वांत महत्त्वाचा हाच आकडा हरवला.

पुढे झाले तेही याच आकड्यांनी. राष्ट्राध्यक्ष मिशेल औन यांची मुदत ऑक्टोबर २०२२ अखेर संपली. १४ जून २०२३ च्या फेरीत जिहाद अझूर यांना ५९ आणि अमल-हिजबुल्लाचे उमेदवार सुलेमान फ्रांजिये यांना ५१ मते पडली, मग गणपूर्ती मोडली. राष्ट्राध्यक्षपद दोन वर्षांहून जास्त काळ रिकामे राहिले. ९ जानेवारी २०२५ रोजी तेव्हाचे लष्करप्रमुख जोसेफ औन यांना पहिल्या फेरीत ७१ मते मिळाली, म्हणजे ८६ ला कमीच. दुसऱ्या फेरीत ९९ मते पडली तेव्हा ते निवडून आले. संसद तीच, २०२२ ची. मधल्या काळात इस्रायलशी युद्ध झाले, बाहेरचा दबाव वाढला आणि खासदारांनी बाजू बदलल्या.

या धाग्यावर कायद्याचे आणि मोजणीचे तपशील एकत्र करू या. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी, माझे चुकले असेल तिथे दुरुस्त करावे.

---

रेघोटी

उत्तम धागा. एक मूलभूत शंका. जागा धर्म-पंथानुसार वाटलेल्या असतात हे माहीत आहे. पण म्हणजे शिया मतदार शिया उमेदवारालाच मत देतो का? अनेक लेखांत असेच गृहीत धरलेले दिसते.

---

अनुराधा_क

रेघोटी, नाही. इथे मराठी वाचकाला समजायला सर्वांत जवळचा दाखला पुणे कराराचा आहे. जातीय निवाड्यात स्वतंत्र मतदारसंघ होते. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यात झालेल्या करारात राखीव जागा वाढल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. जागा राखीव, मतदार सगळे. लेबनॉनची रचना तशी आहे. मॅरोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) जागेवर उमेदवार मॅरोनाइटच असतो, पण त्या मतदारसंघातला सुन्नी, शिया, द्रूझ कोणीही त्याला मत देऊ शकतो.

आणि तक्रारही तीच आहे. राखीव जागेवरचा माणूस इतरांच्या मतांवर निवडून येतो, मग तो नक्की कोणाचा प्रतिनिधी? लेबनॉनमधले ख्रिस्ती पक्ष वर्षानुवर्षे हेच म्हणत आले की आमचे बरेच खासदार मुस्लिम मतांवर निवडून येतात. २०१३ मध्ये 'ऑर्थोडॉक्स प्रस्ताव' नावाचा मसुदा पुढे आला होता, त्यात प्रत्येक पंथाने आपापलेच खासदार निवडावेत अशी तरतूद होती, म्हणजे सरळ स्वतंत्र मतदारसंघ. संसदीय समित्यांत तो पुढे सरकला, कायदा मात्र झाला नाही.

जागांची वाटणी अशी :

मॅरोनाइट ३४, सुन्नी २७, शिया २७, ग्रीक ऑर्थोडॉक्स १४, ग्रीक कॅथलिक ८, द्रूझ ८, आर्मेनियन ऑर्थोडॉक्स ५, अलावी २, आर्मेनियन कॅथलिक १, प्रोटेस्टंट १, इतर अल्पसंख्य ख्रिस्ती १.

बेरीज केली तर ६४ ख्रिस्ती, ६४ मुस्लिम (द्रूझ आणि अलावी मुस्लिमांत धरून). हा निम्मा-निम्मा वाटा गृहयुद्ध संपवण्यासाठी झालेल्या १९८९ च्या तैफ करारातून आला. त्याआधी ६ : ५ असे ख्रिस्ती बाजूला झुकते प्रमाण होते. शेवटची अधिकृत जनगणना १९३२ ची, पुणे कराराच्याच वर्षाची. तेव्हापासून माणसे मोजलेलीच नाहीत, कारण मोजली तर वाटे बदलावे लागतील. त्यामुळे एखादा स्तंभलेखक "लोकसंख्येच्या ३५ टक्के अमुक पंथ" असे छातीठोक लिहितो तेव्हा तो अंदाज असतो. मतदारयादीत पंथाची नोंद असते, तिच्यावरून काढलेले आकडे थोडे भरवशाचे, पण ते २१ वर्षांवरच्या नोंदणीकृत मतदारांचे. तिथे मतदानाचे वय अजून २१ आहे.

---

मोजपट्टी

मोजणीचे मी लिहितो. २०१७ च्या ४४ क्रमांकाच्या कायद्याने सगळे बदलले. त्याआधी ज्याला जास्त मते तो निवडून, अशी पद्धत होती. आता प्रमाणशीर पद्धत आहे, पण तिला अशी कुंपणे आहेत की 'प्रमाणशीर' हा शब्द वाचून फसायला होते.

देशाचे १५ मतदारसंघ. सर्वांत लहान सैदा-जेझ्झीन, ५ जागा. सर्वांत मोठा शूफ-आले, १३ जागा. मोठ्या मतदारसंघाच्या पोटात लहान भाग असतात, त्यांना कझा म्हणतात, आपल्या तालुक्यासारखे.

एकट्याने उभे राहता येत नाही. यादी लागते. यादीत किमान तीन उमेदवार हवेत, मतदारसंघातल्या किमान ४० टक्के जागांवर नावे हवीत आणि प्रत्येक कझात किमान एक तरी. ठरलेल्या मुदतीत यादीत शिरला नाही त्याची उमेदवारी बाद. २०२२ मध्ये शेवटी ७१८ उमेदवार आणि १०३ याद्या उरल्या. अपक्ष निवडून आले असे मथळ्यात वाचले की लक्षात ठेवा, तांत्रिक अर्थाने अपक्ष कोणीच नसतो.

आता हासिल. अरबीत 'अल-हासिल अल-इंतिखाबी', बोलताना नुसते हासिल. (आपल्या जुन्या दप्तरांतला 'हासील' हाच शब्द, तिथे वसूल या अर्थाने.) एकूण वैध मते भागिले जागा. विधान परिषदेच्या निवडणुकीत आपण जो कोटा वाचतो त्याच्याशी गल्लत करू नका. तिथे जागांत एक मिळवून भागतात आणि भागाकारात एक मिळवतात : २८८ आमदार, ६ जागा, तर २८८ ला ७ ने भागून ४१.१४, म्हणून कोटा ४२. लेबनॉनमध्ये सरळ जागांनी भागतात, त्यामुळे आकडा मोठा येतो. आणि हा हासिल हीच यादीची उंबरठ्याची मर्यादा आहे. ५ जागांच्या मतदारसंघात २० टक्के मते नसतील तर यादी बाहेर. १३ जागांच्या शूफ-आलेमध्ये साधारण ७.७ टक्के पुरतात. जुन्या पक्षांबाहेरच्या, 'बदलवादी' म्हणवणाऱ्या यादीला शूफ-आलेमध्ये तीन जागा मिळाल्या त्याचे एक कारण हा खालचा उंबरठा आहे, हे फार कमी लेखांत आले.

एक काल्पनिक हिशेब. ५ जागा, १,००,००० मते. हासिल २०,०००.

क यादी ४४,००० / ख यादी २९,००० / ग यादी १८,००० / घ यादी ९,०००

ग आणि घ उंबरठ्याखाली, बाद. त्यांची मते वजा करून हासिल पुन्हा काढतात : ७३,००० भागिले ५ = १४,६००. क ला तीन पूर्ण भाग (४३,८००), बाकी २००. ख ला एक भाग, बाकी १४,४००. उरलेली एक जागा सर्वांत मोठ्या बाकीला, म्हणजे ख ला. निकाल क ३, ख २.

आता ग आणि घ एकत्र आले असते तर? २७,००० मते, उंबरठा पार. हासिल २०,००० च राहतो. क ला दोन, बाकी ४,०००. ख ला एक, बाकी ९,०००. ग-घ ला एक, बाकी ७,०००. उरलेली जागा ख ला. निकाल क २, ख २, ग-घ १. एकही मतदार न बदलता पहिल्या यादीची एक जागा गेली. त्रिपोली-मिनिये-दिन्निये या ११ जागांच्या मतदारसंघात २०२२ ला ११ याद्या होत्या. विरोधक इतके विखुरले की त्यांची मते दुसऱ्यांच्या खात्यात जागा घालतात. जनतेने विरोधकांना नाकारले असे कोणी लिहिले तर आधी ग आणि घ ची बेरीज करून पाहा.

आणखी एक खाच : कोऱ्या मतपत्रिकाही हासिल काढताना मतांत धरतात. निषेध म्हणून कोरी पत्रिका टाकणारा उंबरठा वर उचलतो. ५ जागांच्या ठिकाणी ५,००० कोऱ्या पत्रिका म्हणजे हासिल १,००० ने वाढला. त्याचा फटका लहान याद्यांना, म्हणजे बहुधा त्या निषेध करणाऱ्याला आवडू शकणाऱ्या यादीलाच.

---

रेघोटी

@मोजपट्टी, हिशेब कागदावर करून पाहिला, जुळला. मग यादीतली व्यक्ती कशी ठरते? २०१८ मध्ये कोणी ७७ मतांवर खासदार झाल्याचे वाचले होते. छपाईची चूक वाटली होती.

---

मोजपट्टी

चूक नाही. झाहले मतदारसंघ, आर्मेनियन ऑर्थोडॉक्स जागा, ७७ पसंतीची मते.

मतपत्रिकेवर मतदार एका यादीवर खूण करतो आणि त्याच यादीतल्या, आपल्या कझातल्या एका उमेदवाराला पसंतीचे मत देतो. पसंती न देता नुसती यादी निवडली तरी चालते. दोन जणांना पसंती दिली तर यादीचे मत धरतात, पसंती बाद. एका यादीवर खूण आणि पसंती दुसऱ्या यादीतल्याला, तरी यादीचेच मत धरतात. नुसती एका उमेदवारावर खूण केली तर ती त्याच्या यादीलाही मोजतात. दोन याद्यांवर खुणा केल्या तर पत्रिकाच बाद.

याद्यांना किती जागा ते आधी ठरते. मग सगळ्या पात्र याद्यांतले सगळे उमेदवार एकाच रांगेत लावतात. क्रम पसंतीच्या मतांच्या संख्येवर लावत नाहीत, टक्केवारीवर लावतात, आणि टक्केवारी त्या त्या कझात पडलेल्या एकूण पसंतीच्या मतांवर. इथे लहान कझाचा फायदा होतो : २०,००० च्या कझात ६,००० मते म्हणजे ३० टक्के, ६०,००० च्या कझात ९,००० म्हणजे १५ टक्के. सहा हजारवाला वर.

रांगेत वरून खाली यायचे. उमेदवाराच्या पंथाची त्या कझातली जागा मोकळी आहे का? त्याच्या यादीचा वाटा शिल्लक आहे का? दोन्ही उत्तरे हो असतील तर निवडून आला. एक जरी नाही असेल तर पुढचा.

खाली येता येता वरच्या याद्यांचे वाटे भरत जातात. झाहलेत ७ जागा होत्या : ग्रीक कॅथलिक २, मॅरोनाइट १, ग्रीक ऑर्थोडॉक्स १, आर्मेनियन ऑर्थोडॉक्स १, सुन्नी १, शिया १. याद्यांचे वाटे ३, २ आणि २ असे पडले. शेवटी एकच पंथाची जागा मोकळी होती आणि एकाच यादीचा वाटा शिल्लक होता. त्या यादीतला आर्मेनियन उमेदवार ७७ मतांचा होता, तो आत गेला. त्याच जागेवरच्या इतर उमेदवारांना त्याहून जास्त मते होती, पण त्यांच्या याद्यांचे वाटे संपले होते.

म्हणून रांगेच्या तळाशी लहान पंथांच्या जागा सापडतात. २०२२ मध्ये त्रिपोलीची अलावी जागा अशीच काही शे मतांवर गेली. नंतर निवडणुकीच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या घटनात्मक परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या मतदारसंघातल्या दोन खासदारांची निवड रद्द करून दुसऱ्या दोघांना विजयी ठरवले. अलावी जागा बदलली आणि सुन्नी जागेवर हिजबुल्लाच्या जवळचे मानले जाणारे फैसल करामी आले. निवडणुकीनंतर सहा महिन्यांनी संसदेतले बलाबल दोन खासदारांनी हलले, तरी मे महिन्यातलेच आकडे अजून लेखांत फिरताना दिसतात.

---

सागरगोटा

हिशेब मान्य. पण सगळे भागाकारावर टाकायला मी तयार नाही. मतदार पेटीपर्यंत कसा पोचतो हे आधी पाहायला हवे.

लेबनॉनमध्ये माणूस राहतो तिथे मत देत नाही. त्याची नोंद आजोबा-पणजोबांच्या गावी असते, तिथे जाऊन द्यावे लागते. बैरूतच्या दक्षिण उपनगरात तीस वर्षे राहणारा माणूस मतदार असतो दक्षिण सीमेजवळच्या बिन्त जुबैलचा. लग्न झालेल्या बाईची नोंद नवऱ्याच्या गावी जाते. त्यामुळे बैरूतचा खासदार बैरूतच्या रस्त्या-विजेबद्दल बैरूतमध्ये राहणाऱ्या बहुसंख्य लोकांना जबाबदारच नसतो.

मतदानाच्या दिवशी गावी जायला पेट्रोल लागते. ऑक्टोबर २०१९ नंतर चलन कोसळले : १,५०७ लिराला मिळणारा डॉलर मे २०२२ मध्ये तीस हजारांच्या आसपास. गावापर्यंतची फेरी पगारदाराला जड झाली. मग पक्ष गाडी पाठवतो, पेट्रोलचे कूपन देतो. राहत्या जागेजवळ मत देता येईल अशी 'मेगासेंटर' उभारायचा प्रस्ताव होता, तो मार्च २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने बाजूला ठेवला.

मदत आणि लाच यांतली रेघही कायद्यातच पुसट आहे. प्रचारकाळात मतदारांना देणग्या देण्यावर बंदी आहे, पण उमेदवाराची किंवा पक्षाची संस्था किमान तीन वर्षे नियमितपणे तशी मदत देत असेल तर ती चालते. म्हणजे ज्याच्याकडे जुने दवाखाने, शाळा, धान्यवाटप आहे त्याला मुभा, आणि नव्या पक्षाने औषधाची एक बाटली दिली तर गुन्हा. युरोपीय संघाच्या निरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात मतखरेदीची नोंद केली आहे.

आणि दक्षिणेत विरोधी यादी काढणे हेच धोक्याचे काम होते. सभा उधळल्या गेल्या, मतदान केंद्रांवर विरोधी यादीचे प्रतिनिधी टिकू दिले नाहीत. २७ शिया जागा एकाच बाजूला गेल्या हे सांगताना हे सोडून कसे चालेल?

---

भूमध्य

सागरगोटा, हे सोडून चालणार नाही. माझ्या मूळ लिखाणात ते यायला हवे होते.

तरी दक्षिणेतूनच एक गोष्ट दिसते, जी दोन्ही बाजूंनी वाचावी लागते. नबातिये, बिन्त जुबैल, मर्जायून-हासबाया मिळून जो ११ जागांचा मतदारसंघ होतो तिथे विरोधी यादीने दोन जागा काढल्या : एक ग्रीक ऑर्थोडॉक्स, एक द्रूझ. सीरियन सोशल नॅशनलिस्ट पक्षाचे असद हरदान पडले, अमलने पाठिंबा दिलेला बँकर द्रूझ उमेदवारही पडला. हासिल एक-अकरांश, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास. जुन्या पद्धतीत ही यादी कितीही लढली असती तरी शून्य मिळाले असते. हिजबुल्लाने २०२२ मध्ये जे गमावले ते मुख्यतः असे : स्वतःच्या जागा टिकल्या, दुसऱ्या पंथांतले मित्र पडले. शूफ-आलेमध्ये द्रूझ नेते तलाल अरसलान आणि वियाम वह्हाब, पश्चिम बकामध्ये उपसभापती एली फर्झली. 'हिजबुल्ला हरली' आणि 'हिजबुल्लाचे मित्र हरले' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. दुसरे खरे आहे.

---

जुना_वाचक

वृत्तपत्रांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे.

बैरूतमधले पत्र आपण कोणासाठी लिहितो हे लपवत नाही. 'अन-नहार' १९३३ पासूनचे, त्वैनी घराण्याचे. संपादक जिब्रान त्वैनी डिसेंबर २००५ मध्ये बॉम्बस्फोटात मारले गेले, तेव्हा ते खासदारही होते. 'अल-अखबार' २००६ पासून, हिजबुल्लाच्या भूमिकेजवळचे. 'लोरियाँ-ल जूर' फ्रेंच भाषेतले, त्याची इंग्रजी आवृत्तीही आहे. लंडनहून निघणारे 'अश-शर्क अल-अवसत' सौदी मालकीचे. 'अस-सफीर' २०१६ अखेर बंद पडले, 'द डेली स्टार' २०२१ मध्ये. त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्या भारतीय वाचकाच्या वाट्याला आता मोजक्याच जागांवरून आलेली मते येतात, आणि आपल्याकडची पत्रे बहुतेक वेळा वृत्तसंस्थांवर अवलंबून राहतात. एका वृत्तसंस्थेने बहुमताची चौकट घातली की मराठी अग्रलेखापर्यंत तीच येते.

जागांचे आकडे पत्रापत्रांत का बदलतात, हेही सांगतो. २०२२ मध्ये लेबनीज फोर्सेस या हिजबुल्लाविरोधी ख्रिस्ती पक्षाला कुठे १८, कुठे १९, कुठे २० लिहिलेले सापडेल. कोणी खोटे बोलत नाही. मोजण्याच्या तीन रीती आहेत : पक्षाचे सदस्य असलेले खासदार, पक्षाच्या यादीवरून निवडून आलेले सगळे, आणि संसदेत पक्षाच्या गटात बसणारे. यादी ही सोयीची युती असते. एका यादीवर आलेले दोघे संसदेत वेगवेगळ्या गटांत बसतात. फ्री पॅट्रिऑटिक मूव्हमेंट या मिशेल औन यांच्या ख्रिस्ती पक्षाचेही तसेच. त्यामुळे सर्वांत मोठा ख्रिस्ती पक्ष कोणता यावर दोन्ही बाजूंनी आकडे फेकले गेले. लेखात आकडा आला की तो यादीचा, पक्षाचा की गटाचा, हे लेखकाने सांगितले आहे का ते पाहावे. सांगितले नसेल तर त्या आकड्यावर उभारलेला निष्कर्ष मी तरी धरत नाही.

'बदलवादी' १३ खासदारांची तीच गत. मथळ्यात १३ चा गट, प्रत्यक्षात वर्ष संपण्याआधीच गट फुटला.

---

अनुराधा_क

जुना_वाचक +१. त्यात सुन्नी मतांचे जोडते. माजी पंतप्रधान आणि सुन्नींचे मोठे नेते साद हरिरी यांनी २४ जानेवारी २०२२ रोजी राजकारणातून बाजूला होत असल्याचे जाहीर केले आणि त्यांच्या पक्षाने निवडणूक लढवली नाही. २७ सुन्नी जागा मोकळ्या सुटल्या. तिथे निवडून आलेले अनेक जण कोणत्याच मोठ्या गटात नव्हते. मे २०२२ च्या तक्त्यांत त्यांना कोणी सरकारविरोधी रकान्यात घातले, कोणी तटस्थ. बहुमत गेले की राहिले, हा सगळा वाद मुळात याच लोकांना कुठे लिहायचे याचा होता. मतदान टक्केवारीचेही तसेच : पहिल्या रात्री ४१ टक्के छापून आले, पक्की मोजणी ४९ च्या घरात गेली. पहिल्या आकड्यावर लोकांच्या निरुत्साहाबद्दल लिहिलेले स्तंभ मागे घेतलेले पाहण्यात नाहीत. २०१८ ला टक्केवारी जवळजवळ तितकीच होती.

---

रेघोटी

परदेशात राहणारे लेबनीजही मत देतात, त्या मतांबद्दल लेखांत इतका वाद का दिसतो? २०२२ मधल्या त्यांच्या सव्वादोन लाख नोंदी म्हणजे एकूण चाळीस लाखांच्या आसपासच्या मतदारांत फार नाहीत.

---

भूमध्य

कारण ती मते १५ मतदारसंघांत वाटली जातात आणि शेवटची जागा 'बाकी'वर ठरते, जिथे फरक काही शेंचा असतो.

२०१८ मध्ये परदेशातून पहिल्यांदा मतदान झाले, सुमारे ८३ हजार नोंदी आणि ४७ हजारांच्या आतबाहेर मते. २०२२ मध्ये नोंदी सव्वादोन लाखांवर. ६ मे रोजी अरब देश आणि इराणमध्ये, ८ मे रोजी बाकीच्या जगात मतदान झाले. सीलबंद पेट्या बैरूतला मध्यवर्ती बँकेत ठेवल्या आणि १५ मेच्या मतांबरोबर मोजल्या. पसंतीचे मत मूळ गावच्या कझातच. पेट्रोलच्या कुपनावर किंवा गावातल्या दवाखान्यावर हा मतदार अवलंबून नसतो, म्हणून बदलवादी याद्यांना आणि लेबनीज फोर्सेसला इथून मोठा हात मिळाला.

२०१७ च्या कायद्यात खरे तर परदेशस्थांसाठी वेगळ्या ६ जागा होत्या : मॅरोनाइट, ग्रीक ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक, सुन्नी, शिया, द्रूझ, खंडागणिक एक. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तरतूद २०२२ पुरती थांबवली आणि परदेशस्थांना १२८ जागांसाठी मत देता आले. वाद याच तरतुदीचा आहे. सहा वेगळ्या जागा ठेवल्या तर ही मते एका कोपऱ्यात बंद होतात आणि १५ मतदारसंघांतली बाकी बदलत नाही. परदेशस्थांना स्वतःचे प्रतिनिधी मिळावेत अशी बाजू मांडणारा लेख वाचलात तर हा परिणाम त्यात लिहिला आहे का ते बघा. माझ्या मते परदेशात राहणाऱ्या लेबनीज माणसाचे मत त्याच्या गावच्या जागेवरच मोजले गेले पाहिजे. गावाकडे दर महिन्याला पैसे तोच पाठवतो आहे.

---

सागरगोटा

शेवटच्या मुद्द्याशी सहमत. आणि नोंदणीची मुदत हेही हत्यार आहे. नोंदणी मतदानाच्या कितीतरी महिने आधी बंद होते. आपण कोणासाठी मत देणार, १२८ साठी की ६ साठी, हेच तोवर ठरले नसेल तर माणूस नोंद करत नाही. नोंदी कमी आल्या की परदेशस्थांना रस नाही असे लिहायला दुसरी बाजू मोकळी.

---

मोजपट्टी

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे त्यांच्यासाठी : गृहमंत्रालय मतदारसंघवार निकाल जाहीर करते, त्यात याद्यांची मते, कोऱ्या पत्रिका आणि पसंतीची मते वेगवेगळी असतात. एखादा मतदारसंघ घ्या, सैदा-जेझ्झीन सोपा, ५ जागा, कझा दोनच. बाद पत्रिका सोडा, कोऱ्या मात्र धरा. ५ ने भागा. हासिलाखालच्या याद्या खोडा, त्यांची मते वजा करून पुन्हा भागा, पूर्ण भाग द्या, बाकी उतरत्या क्रमाने लावा. मग पसंतीची टक्केवारी कझावार काढा. सैदाचे भाजक वेगळे, जेझ्झीनचे वेगळे, दोन्ही एकत्र केलेत तर क्रम चुकेल. नवशिक्याची चूक हमखास इथेच होते. दुसरी चूक कोऱ्या पत्रिका विसरण्याची : हासिल खाली येतो आणि काठावरची यादी आत गेलेली दिसते. २०२२ चे उत्तर ३ आणि २ यायला हवे, आणि जेझ्झीन हा बालेकिल्ला असूनही फ्री पॅट्रिऑटिक मूव्हमेंटच्या नावापुढे शून्य. तसे आले नाही तर तुमचा हिशेब इथे टाका, कुठे अडले ते पाहू.